टिळकांचं घर आणि धरणगावचा ठोमरे

आजचा भाग वाचून काढणाऱ्यांसाठी इथे लिहूनही देतोय.

एक प्रश्न नेहमी येतो. देव, श्रद्धा, प्रार्थना सगळं ठीक आहे, पण घरात त्याचं करायचं काय? बायको, नवरा, पोरं, दारात आलेला पाहुणा, यांच्याशी वागताना ती श्रद्धा कुठे दिसते? याचं उत्तर मला इतिहासात एका घरात सापडतं. घर अहमदनगरचं, पण त्याचा एक धागा थेट आपल्या खानदेशात येतो.

१९०७ साल. जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. तिथे धरणगावात जन्मलेल्या एका पोरानं कविता म्हटली. नाव त्र्यंबक बापूजी ठोमरे, वय जेमतेम सतरा. वडील पोलीस खात्यात, सारख्या बदल्या. कविता ऐकून सभा थक्क झाली आणि कीर्तिकरांनी त्याला पदवी दिली, ‘बालकवी’. शाळेत आपण ज्यांची फुलराणी पाठ केली, तेच हे.

त्या संमेलनाला आणखी एक माणूस होता, रेव्हरंड नारायण वामन टिळक. कोकणातल्या करजगावचा हा चित्पावन ब्राह्मण १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला होता. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असं ते मानायचे. मराठी चर्चमध्ये आजही त्यांची भजनं गातात, आणि त्यांची चाल कीर्तनाच्या जवळची वाटते.

पण थांबा. टिळकांची गोष्ट गोड करून सांगायची नाहीये. या माणसानं बाप्तिस्मा घेतला तो बायकोला विश्वासात न घेता. लक्ष्मीबाईंना ते नंतर कळलं. लहान पोर पदरात, सोवळ्यात वाढलेली बाई, आणि नवरा एका रात्रीत ‘बाटलेला’. त्या काळात याचा अर्थ काय होतो, विचार करा. पुढची चार-पाच वर्षं दोघं वेगळे राहिले. प्रेमावर प्रवचन करणाऱ्या माणसाच्या घरात सगळ्यात मोठी जखम त्याच्याच हातून झाली होती.

नंतर दोघं एकत्र आले, तेव्हा मात्र टिळक बदललेले दिसतात. त्यांनी बायकोवर धर्म लादला नाही. तिला तिचं सोवळं पाळू दिलं. ख्रिस्ती नवरा आणि सोवळ्यातली बायको असा संसार चालला, भांडणांसकट चालला. मग एके दिवशी लक्ष्मीबाईंना स्वतःलाच प्रश्न पडला, की ही जातपात देवानं केली की माणसांनी? उत्तर त्यांचं त्यांनाच मिळालं आणि त्यांनी शिवाशिव सोडली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तोही स्वतःच्या मनानं. हे सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहिलंय, नवऱ्याच्या चुका न लपवता आणि हसत-हसवत.

ख्रिस्ती धर्मात एक शब्द फार महत्त्वाचा आहे, कृपा. कृपा म्हणजे आपण न कमावता मिळालेलं प्रेम. आधी लायक व्हा, मग प्रेम मिळेल, असा हिशोब तिथे नाही. ऐकायला सोपं आहे. पण घरात आणायचं तर समोरच्याला त्याच्या वेळेनं, त्याच्या मतानं वाढू द्यावं लागतं. टिळक हे पुस्तकात शिकले असतील, पण बायकोसोबत राहून ते त्यांच्या अंगवळणी पडलं, असं मला वाटतं.

आता बालकवींकडे येऊ. जळगावच्या ओळखीनंतर टिळकांनी या पोराला आपलंसं केलं. पुढे ठोमरे नगरला टिळकांच्या घरी राहिले. ब्राह्मणाचा पोरगा पाद्र्याच्या घरी राहतो, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती. तो ख्रिस्ती होणार, अशी शंका कुणालाही आली असती. तो झाला नाही. शेवटपर्यंत हिंदूच राहिला आणि टिळकांच्या घरातली त्याची जागा तरीही टिकली. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया केली. ‘स्मृतिचित्रे’त ठोमरेंच्या आठवणी वाचताना ते दिसतं.

बघा ना, टिळक धर्मोपदेशक होते. माणसं ख्रिस्ताकडे आणणं हेच त्यांचं काम. तरी घरात राहणाऱ्या या मुलाला दिलेल्या मायेची त्यांनी किंमत लावली नाही.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला मानणाऱ्या सगळ्यांचा बंधुसंघ, ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही येऊ शकतील. मिशनच्या चौकटीत न बसणारी कल्पना होती ती. लोक तिला टिळकांची नवी झेप म्हणतात. मला वाटतं, त्यांच्या घरात ती आधीच जगून झाली होती. लक्ष्मीबाईंसोबत आणि ठोमरेंसोबत.

गोष्टीचा शेवट मात्र सुखाचा नाही. ५ मे १९१८. जळगाव आणि भुसावळच्या मधलं भादली स्टेशन. आपण त्या मार्गावरून कितीदा जातो! तिथे रूळ ओलांडताना बालकवी मालगाडीखाली सापडले. वय सत्तावीस. त्यांच्या शेवटच्या वर्षांतल्या कवितांमधली उदासी वाचवत नाही. वर्षभरानं, ९ मे १९१९ ला, टिळकही मुंबईत गेले. देवाचा दरबारही त्यांच्यामागे फार टिकला नाही.

मग त्या मायेचा उपयोग काय झाला, असं कुणी विचारेल. तिनं ठोमरेंचं दुःख संपवलं नाही, हे खरं. पण एका अस्वस्थ, हळव्या पोराला काही काळ असं घर मिळालं, जिथे त्याला दुसरं कुणी व्हावं लागलं नाही. सेवाकार्य म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर व्यासपीठ, माईक, गर्दी येते. इथे सेवाकार्य म्हणजे एक ताट जास्त वाढणं होतं, आणि त्या ताटाबरोबर अट न वाढणं.

आज आपल्याकडे मुलगी दुसऱ्या जातीतला मुलगा सांगते, मुलगा म्हणतो मी मंदिरात किंवा चर्चला येणार नाही, आणि घरातलं बोलणंच बंद होतं. तुम्ही कुठल्याही धर्माचे असा, प्रश्न तोच आहे. समोरचा आपल्यासारखा झाला नाही, तर आपल्या घरात त्याची जागा राहते का?

‘स्मृतिचित्रे’ मिळालं तर नक्की वाचा. अवघड अजिबात नाही, आजी समोर बसून सांगतेय असंच वाटतं. आणि तुमच्या घरात असं कुणासाठी ताट वाढलं गेलं असेल, तर मला लिहून कळवा. पुढच्या भागात भेटू.