कृषी विद्यापीठ विस्तारकार्य

कृषी विद्यापीठातील अध्यापन व संशोधन शेतकरी आणि उद्योगांपर्यंत पोचवणारी व्यवस्था. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने भू-अनुदान महाविद्यालये (सरकारी जमिनीच्या अनुदानावर उभी राहिलेली) निघाली. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने त्यांच्या विस्तारसेवेला अर्थसाहाय्य मिळाले. याच धर्तीवर १९६० मध्ये पंतनगर येथे भारतातील पहिले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. महाराष्ट्रात राहुरी (१९६८), अकोला (१९६९), दापोली व परभणी (१९७२) येथे अशी विद्यापीठे आहेत.

पदवीच्या अंतिम वर्षात विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात राहतात (⟶ कृषी शिक्षण). कडधान्याच्या बियाण्यावर गुळाच्या पाण्यातून रायझोबियम हे जिवाणूखत चोळून ते सावलीत सुकवणे, अशी प्रात्यक्षिके ते बांधावर दाखवतात. शेतकऱ्याचे प्रश्न त्यांना तिथेच कळतात, वर्गात नव्हे. मेळावे आणि कृषी विज्ञान केंद्रे (पहिले केंद्र पुदुच्चेरी, १९७४) ही इतर साधने होत.

उद्योगांशी संबंध मुख्यतः बियाण्यांतून येतो. विद्यापीठाचे पैदासकार बियाणे महाबीज (महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, स्थापना १९७६) वाढवून विकते. राहुरी विद्यापीठाच्या पाडेगाव येथील ऊस संशोधन केंद्राचे बेणे (लागवडीचा ऊस) साखर कारखान्यांच्या बेणेमळ्यांत जाते (⟶ ऊस, बीजोत्पादन). या केंद्रामार्फत को ८६०३२ ही उसाची जात महाराष्ट्रात १९९६ मध्ये प्रसारित झाली.