जुन्नर-आंबेगावचे महामंदिर

प्राचीन ख्रिस्तमंदिरांचा विषय निघाला की आपले मन सहसा समुद्रकाठी धाव घेते. जुन्या गोव्याचे सेंट कॅथरीनचे महामंदिर, वसईच्या किल्ल्यातील छप्पर गमावलेल्या उंच भिंती, रेवदंड्याच्या माडांतून डोकावणारा सातखणी मनोरा ही चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, पुणे जिल्ह्याच्या जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत असे कोणतेही पुरातन महामंदिर नाही. त्यामुळे येथील ख्रिस्ती कुटुंबांना दोन्हीकडून ऐकून घ्यावे लागते. 'तुमचा धर्म परक्यांचा' असे गावकरी म्हणतात, आणि 'तुमच्याकडे जुने असे काय आहे?' असे किनारपट्टीवरचे आपलेच धर्मबांधव विचारतात. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर इतिहासात आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. 'कॅथीड्रल' या शब्दाच्या मुळाशी 'कॅथेड्रा' हा ग्रीक शब्द आहे. त्याचा अर्थ आसन. ज्या मंदिरात धर्मप्रांताच्या महागुरुस्वामींचे आसन असते ते महामंदिर होय. मंदिर किती मोठे, किती जुने, त्याला मनोरे किती, याच्याशी या नावाचा संबंध नाही. वसईच्या किल्ल्यातील सेंट जोसेफचे मंदिर घ्या. 1546 साली त्याची उभारणी झाली आणि 1601 साली गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या काळात ते वाढविण्यात आले. त्याच्या भव्यतेमुळे लोक त्याला आजही कॅथीड्रल म्हणतात. परंतु त्या काळी महागुरुस्वामींचे पीठ गोव्यात होते, वसईस नव्हते. वसईला स्वतःचा धर्मप्रांत मिळाला तो 1998 साली, म्हणजे किल्ल्यातली ती वास्तू ओस पडल्यावर कितीतरी काळाने. पाषाण आधी आला, पीठ साडेचारशे वर्षांनी आले.

1739 साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तेथील ख्रिस्तमंदिरांच्या घंटा मराठी मुलखात आल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या गेल्या. त्यांतील एक घंटा भीमाशंकरच्या देवळापाशी आहे. मंचर-घोडेगावमार्गे आंबेगाव तालुक्यातून भीमाशंकरला जाणाऱ्या असंख्य भाविकांनी ती पाहिली आहे. तिच्याकडे युद्धातील लूट म्हणून पाहता येईल. आम्ही मात्र एवढेच म्हणू, की आपल्या पूर्वजांच्या उपासनेचा एक नाद या डोंगराला पावणेतीनशेहून अधिक वर्षे परिचित आहे, आणि ज्यांनी ती घंटा जपली त्यांनी ती फोडून ओतली नाही.

त्याहूनही जुनी आठवण जुन्नरची आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहामनी राजवटीत, अफनासी निकीतिन नावाचा एक रशियन व्यापारी चौल बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. विकण्यासाठी त्याने एक घोडा बरोबर आणला होता. पावसाळा त्याने येथेच काढला. तो मुसलमान नाही हे कळताच जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा आणि वर सुवर्णनाणी मिळतील, असे सांगून त्याला चार दिवसांची मुदत दिली. निकीतिन बधला नाही. अखेर खुरासानच्या एका मुसलमान ख्वाजाने रदबदली केली आणि त्याचा घोडा त्याला परत मिळाला. हा प्रसंग निकीतिनने स्वतःच लिहून ठेवला आहे. तो ऑर्थोडॉक्स पंथाचा होता, कॅथॉलिक नव्हता; तरी ख्रिस्तावरील श्रद्धेची इतकी स्पष्ट कसोटी जुन्नरच्या भूमीत लागली, ही गोष्ट आपण विसरू नये.

परंतु निकीतिनच्या लेखनात आणखी एक वेदना आहे. वाटेत त्याची पुस्तके लुटली गेली होती. त्यामुळे पुनरुत्थानाचा सण केव्हा, उपवासकाळ केव्हा सुरू होतो, हे त्याला कळेना. इतरांच्या सणांवरून तो अदमास बांधी आणि आपण चुकत तर नाही ना, या विचाराने तळमळे. श्रद्धा होती, धैर्य होते. पण धर्मगुरू नव्हता, समाज नव्हता, सणांचे वेळापत्रक नव्हते. एकट्याची श्रद्धा टिकू शकते, पण एकट्याची ख्रिस्तसभा होत नाही. महामंदिर कशासाठी हवे, याचे याहून चांगले उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

जुन्नर-आंबेगावच्या कॅथॉलिकांचे महामंदिर पुण्यात आहे. रेसकोर्स आणि एम्प्रेस गार्डनच्या परिसरातील सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रल ते हेच. पुण्यातले हे पहिले कॅथॉलिक मंदिर नव्हे. तो मान नाना पेठेतील निष्कलंक मातेच्या मंदिराचा. पेशव्यांच्या सैन्यात चाकरी करणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठी सवाई माधवरावांनी जागा दिली आणि 1792 साली तेथे उपासना सुरू झाली. सेंट पॅट्रिक्सची कथा वेगळी आहे. 1818 साली पेशवाई संपली आणि पुण्यात इंग्रजांची छावणी पडली. त्या फौजेत आयर्लंडचे कॅथॉलिक शिपाई मोठ्या संख्येने होते. त्यांच्यासाठी हे मंदिर 1850 साली उभे राहिले आणि आयर्लंडचे रक्षक संत पॅट्रिक यांचे नाव त्याला मिळाले. बांधकामासाठी शिपायांनी आपल्या पगारातून वर्गणी दिली.

ती वर्गणी कोणत्या वर्षांतली होती, हे पाहण्यासारखे आहे. 1845 पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक रोगाने कुजत होते. त्या दुष्काळात सुमारे 10 लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक लोकांनी देश सोडला. घरी चूल पेटत नसता, परमुलखात, दुसऱ्यांच्या साम्राज्यासाठी बंदूक वाहणाऱ्या या माणसांनी देवाच्या घरासाठी पैसे बाजूला काढले. ते राज्यकर्त्यांच्या फौजेतले होते हे खरे, आणि त्यांचे स्वतःचे राष्ट्र त्याच राज्यकर्त्यांच्या टाचेखाली होते हेही तितकेच खरे.

तरीही 'परक्यांनी बांधलेले' हा आक्षेप उरतोच. त्याचे उत्तर जुन्नरच्या लेण्यांत कोरलेले आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. तेथील शिलालेखांत तीन यवन दात्यांची नावे आहेत. यवन म्हणजे पश्चिमेकडून आलेले परदेशी. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला आणि चंद नावाच्या यवनाने चैत्याच्या दर्शनी भागासाठी दान दिले. लेण्याद्रीचा चैत्य कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने दिला. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचीही नावे जुन्नरच्या लेखांत येतात. आज त्या पोढी कोणी परक्या मानीत नाही. दान एकदा मातीत मिसळले की दात्याचा देश विचारला जात नाही.

लेण्याद्रीचा चैत्य महामंदिराची रचना समजून घेण्यासही उपयोगी पडतो. मध्ये लांब दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, खांबांपलीकडे अरुंद मार्गिका आणि शेवटी अर्धवर्तुळाकार भाग अशी त्याची मांडणी आहे. रोमन लोकांच्या सार्वजनिक सभागृहाची, म्हणजे बॅसिलिकेची, ठेवण बरीचशी अशीच होती आणि चौथ्या शतकापासून ख्रिस्ती समाजाने ती उपासनेसाठी स्वीकारली. चैत्यात अर्धवर्तुळाच्या जागी स्तूप असतो. बॅसिलिकेत तेथे वेदी आणि महागुरुस्वामींचे आसन आले. एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ माणसांना एकत्र उभे करून त्यांची दृष्टी एका पवित्र स्थानाकडे वळवायची, ही गरज दोघांची सारखी होती, म्हणून मांडणीही जुळली.

एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. चैत्य डोंगरातून कोरलेला आहे. त्याच्या छताला दिसणाऱ्या दगडी फासळ्या जुन्या लाकडी बांधणीची आठवण म्हणून कोरल्या आहेत. त्यांच्यावर भार नाही. बांधलेल्या मंदिराचे तसे नसते. तेथे प्रत्येक कमान आणि प्रत्येक तुळई भार वाहते आणि तिची निगा राखावी लागते. सेंट पॅट्रिक्सचे छप्पर 1984 साली कोसळले. तेव्हा महागुरुस्वामी व्हॅलेरियन डिसोझा यांच्या कारकिर्दीत ते मंदिर पुन्हा उभे राहिले. या वेळी आयरिश पलटण नव्हती. 1850 चे मंदिर शिपायांचे होते. छप्पर पडल्यानंतरचे मंदिर धर्मप्रांताच्या लोकांचे झाले.

आता पीठाकडे वळू. 1886 साली पोप तेरावे लिओ यांनी भारतात नियमित धर्मप्रांतांची स्थापना केली. त्या वेळी पुणे धर्मप्रांत जन्मास आला आणि येशूसंघाचे बर्नार्ड बायडरलिंडन हे पहिले महागुरुस्वामी झाले. छावणीतल्या मंदिरात आसन आले आणि त्या दिवसापासून ते मंदिर छावणीपुरते उरले नाही. 1907 साली त्या आसनावर हेन्री डोरिंग आले. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील केंदळ येथे 1903 साली 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू करणारे फादर ते हेच. 1949 साली आंद्रू डिसोझा यांच्या रूपाने भारतीय महागुरुस्वामी लाभले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली लोकभाषेला उपासनेत स्थान दिले आणि लॅटिनच्या जागी मराठी मिस्साचे शब्द वेदीवरून उमटू लागले. 2009 साली वसईचे डॉ. थॉमस डाबरे त्या आसनावर आले. संत तुकारामांच्या ईश्वरानुभवावर त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला आहे. आयरिश शिपायांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या मंदिरात देहूच्या संताचा अभ्यासक महागुरुस्वामी म्हणून बसला. परकेपणाचा आक्षेप यापुढे किती टिकतो, ते वाचकांनीच ठरवावे.

दरम्यान धर्मप्रांताच्या सीमाही आवळत गेल्या. 1987 साली नाशिक आणि 2005 साली सिंधुदुर्ग हे धर्मप्रांत पुण्यापासून वेगळे झाले. जुन्नर आणि आंबेगाव पुण्याकडेच राहिले. त्यांचे महामंदिराशी असलेले नाते दरवर्षी नवे होते. पवित्र सप्ताहात महागुरुस्वामी आपल्या धर्मगुरूंसमवेत पवित्र तेले आशीर्वादित करतात आणि ती धर्मप्रांतातील प्रत्येक धर्मग्रामात नेली जातात. शिवनेरीच्या पायथ्याशी एखाद्या बालकाचा स्नानसंस्कार होतो, घोडेगावच्या बाजूला एखाद्या आजाऱ्याला अभ्यंग दिले जाते, तेव्हा ते तेल त्या पीठाकडून आलेले असते. निकीतिनला जे मिळाले नाही ते या मुलखातल्या अगदी एकट्या कुटुंबालाही मिळते.

जाता जाता एक विनंती. लेण्याद्रीच्या काळातील दात्यांनी आपली नावे दगडावर कोरली, म्हणून दोन हजार वर्षांनी आपण कासारांच्या श्रेणीचे दान सांगू शकतो. सेंट पॅट्रिक्ससाठी पगारातून पैसे देणाऱ्या शिपायांची, तेथे दगड वाहणाऱ्या मजुरांची नावे आज आपल्यापैकी कोण सांगू शकेल? आपल्या धर्मग्रामांत वेदीसाठी, घंटेसाठी, विहिरीसाठी ज्यांनी घाम आणि पैसा दिला, त्यांना ओळखणारी वृद्ध माणसे अजून हयात आहेत. त्यांच्याकडून ती नावे विचारून घ्यावीत, एका वहीत लिहावीत आणि ती वही धर्मग्रामाच्या नोंदवह्यांशेजारी ठेवावी.