रोमिंग, आंतरराष्ट्रीय
रोमिंग, आंतरराष्ट्रीय : स्वदेशातील कंपनीकडून घेतलेल्या मोबाइल जोडणीचा, क्रमांक न बदलता, परदेशातील कंपनीच्या जाळ्यावरून उपयोग करण्याची सोय. संभाषण व लघुसंदेश यांबरोबरच इंटरनेटवरील माहितीची (डेटाची) देवाणघेवाणही तीत अंतर्भूत होते. ही सोय १९९२ च्या सुमारास उपलब्ध झाली. परंतु ती सामान्य प्रवाशाला परवडण्याजोगी होण्यास यूरोपातही सुमारे पंचवीस वर्षे लागली.

इतिहास : देशांच्या सीमा ओलांडून चालणारी पहिली मोठी मोबाइल यंत्रणा उत्तर यूरोपात १९८१-८२ मध्ये सुरू झाली. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क व फिनलंड यांनी समान मानक स्वीकारल्याने एका देशातील संच दुसऱ्या देशातही चालत असे. इतरत्र मात्र ग्रेट ब्रिटन, फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांच्या यंत्रणा परस्परांशी जुळणाऱ्या नव्हत्या. ही अडचण दूर करण्यासाठी १९८२ मध्ये यूरोपीय डाक-तार प्रशासनांच्या परिषदेने एक अभ्यासगट नेमला. त्यातूनच ‘जीएसएम’ हे अंकीय मानक निर्माण झाले. १९८७ मध्ये कोपनहेगन येथे १३ देशांतील दूरध्वनी-संस्थांनी ते स्वीकारण्याच्या करारावर सह्या केल्या. फिनलंडमध्ये १९९१ साली या मानकावरील सेवा सुरू झाली व १९९२ मध्ये फिनलंड आणि ग्रेट ब्रिटनमधील कंपन्यांत रोमिंगचा पहिला करार झाला. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी मोबाइल सेवेचा प्रारंभ झाला, तोही याच मानकावर. जपानचे मानक भिन्न असल्याने आणि अमेरिकेत निराळ्या कंप्रता वापरात असल्याने तेथे जाणाऱ्या प्रवाशांचे संच अनेकदा निरुपयोगी ठरत.

कार्यपद्धती : संचातील सिम कार्डावर ग्राहकाचा देश व कंपनी दर्शविणारा संकेतांक असतो (भारताचे देशांक ४०४ व ४०५). परदेशात संच सुरू होताच तेथील जाळे हा संकेतांक वाचून ग्राहकाच्या मूळ कंपनीकडे त्याची ओळख पडताळते व आपल्याकडे तात्पुरती नोंद करते. इंटरनेटवरील माहिती सामान्यतः मूळ देशातून फिरवून आणली जाते. त्यामुळे पॅरिसमधील भारतीय प्रवाशाने तेथलेच संकेतस्थळ उघडले, तरी माहिती भारतात येऊन परत जाते. वापराच्या नोंदी यजमान कंपनी मूळ कंपनीकडे पाठविते व त्यांवरून आकारणी होते.

दरांचा प्रश्न : यजमान कंपनीचा घाऊक दर व त्यावर मूळ कंपनीने चढविलेला नफा मिळून ग्राहकाचा दर ठरतो. हा घाऊक दर ठरविताना ग्राहकाला कोणताही वाव नसतो आणि परदेशात काढलेल्या थोड्या दिवसांसाठी तो कंपनीही सहसा बदलत नाही. परिणामी स्पर्धेचा दाब येथे जवळजवळ नव्हता. संभाषणाची मिनिटे ग्राहकाला मोजता येत; माहितीचे मेगाबाइट मात्र दिसत नाहीत. स्मार्टफोनचा प्रसार झाल्यावर मालक झोपेत असतानाही संच माहिती उतरवून घेत असे. त्यामुळे घरी परतल्यावर हाती पडणारे अवाढव्य देयक ही सार्वत्रिक तक्रार झाली. सीमेलगतच्या गावांत तर देश न सोडताच शेजारच्या जाळ्याशी जोडणी होऊन भुर्दंड पडे.

यूरोपीय संघाने २००७ मध्ये विनियम करून संभाषणाच्या दरांवर कमाल मर्यादा घातली : केलेल्या कॉलसाठी मिनिटास ४९ व आलेल्या कॉलसाठी २४ सेंट (करांव्यतिरिक्त). २०१० पासून माहितीचा खर्च ५० यूरोंवर पोहोचताच, ग्राहकाने वेगळी निवड केली नसल्यास, जोडणी आपोआप तोडणे बंधनकारक झाले. मेगाबाइटमागे कमाल किरकोळ दर २०१२ मध्ये ७० सेंट, तर २०१४ मध्ये २० सेंट ठरला. अखेर १५ जून २०१७ पासून संघांतर्गत प्रवासातील वाजवी वापरावरील जादा आकार रद्द झाला. २०२२ च्या विनियमाने ही तरतूद २०३२ पर्यंत वाढविली. ग्रेट ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर हे बंधन तेथे उरले नाही व काही ब्रिटिश कंपन्यांनी जादा आकार पुन्हा सुरू केला. यंत्रणा तीच असूनही दर बदलले, यावरून किंमत तंत्रविद्येपेक्षा करार व कायदा यांवर किती अवलंबून असते, हे दिसून येते.

पर्याय : यूरोपीय संघासारखे एकत्रित नियमन नसलेल्या प्रदेशांत प्रवासी आगाऊ रक्कम भरून ठराविक दिवसांची योजना घेतात, स्थानिक सिम कार्ड विकत घेतात किंवा वाय-फायवर विसंबतात. २०१६ नंतर संचातच बसविलेल्या ई-सिमचा प्रसार होऊ लागला. त्यामुळे मूळ क्रमांक चालू ठेवून परदेशातील जोडणी कार्ड न बदलता घेता येते. बँकेचे परवलीचे संदेश मूळ क्रमांकावर येत असल्याने भारतीय प्रवासी, विद्यार्थी व कामगार यांना ही सोय विशेष उपयुक्त ठरते. तथापि त्यासाठी ई-सिमयुक्त संच लागतो. साधा संच वापरणाऱ्यांना तिचा लाभ मिळत नाही.