सिकल : रक्ताचा इतिहास आणि हक्काचा कागद

आपल्या चांदा-गडचिरोली मुलखात अपंगांचा इतिहास लिहायचा म्हटला की लिहिणारा पहिल्यांदा वरोऱ्याला जातो. जायलाच पाहिजे. १९५१ साली बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं. गावानं हाकलून दिलेली माणसं तिथं शेती पिकवायला लागली. आणि त्याच काळात देशाच्या कायद्याच्या पुस्तकात इंग्रजांचा १८९८ चा लेपर्स अॅक्ट होता. गरीब, भीक मागणारा महारोगी दिसला की पोलिसानं वॉरंटशिवाय पकडावा, असा तो कायदा. केंद्राच्या पुस्तकातून तो काढून टाकायला २०१६ साल उजाडलं. म्हणजे रोगाला औषध आधी सापडलं, कायद्याला अक्कल नंतर आली.

पण दोस्तहो, मला आज दुसरा इतिहास सांगायचा आहे. त्याला गावाबाहेर नेऊन ठेवता येत नाही, कारण तो आपल्या रक्तात आहे. त्याचं नाव सिकलसेल. वस्तीत त्याला नुसतं 'सिकल' म्हणतात.

आधी रोग समजून घेऊ. रक्तातला लाल रंग हिमोग्लोबिनचा. त्यातली एक साखळी १४६ मण्यांची. त्यातला सहावा मणी बदललेला असला की लाल पेशी वाकते, विळ्यासारखी होते. अशा पेशी बारीक नसांत अडकतात. मग हाडं फुटतात की काय असं माणूस ओरडतो. डोळे पिवळे होतात, पानथरी वाढते, रक्त कमी पडतं. काहींचा खुब्याचा सांधा झिजतो आणि पंचविशीत पोरगा लंगडायला लागतो. आईबाप दोघांकडून हे बीज आलं तर लेकरू रोगी, त्याला एसएस म्हणतात. एकाकडूनच आलं तर वाहक, म्हणजे एएस. वाहक रोगी नसतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात रोगी लेकराची शक्यता चारात एक. एवढं गणित प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ पाहिजे.

आता इतिहास. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरनं पहिल्यांदा या वाकड्या पेशींबद्दल लिहिलं. रोगी होता दंतवैद्यक शिकायला आलेला ग्रेनेडा बेटावरचा एक काळा तरुण. त्यानंतर कित्येक वर्षं हा 'काळ्यांचा रोग' म्हणून खपला. १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत तो सापडला. आणि १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातला सिकल 'लॅन्सेट' या विलायती मासिकात नोंदवला. पुढच्या तपासण्यांत महार, गोंड, माडिया, परधान यांच्यात तो मोठ्या प्रमाणात निघाला. काही इतर जातींतही निघाला.

साल ध्यानात घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, १६ ऑक्टोबरला चांद्याला. त्यानंतर दोन वर्षांच्या आत आपल्या रक्ताचा अहवाल विलायतेत छापून आला. त्यातली गोष्ट आपल्या वस्तीत पोचायला मात्र पिढ्या गेल्या.

हे बीज आपल्यातच एवढं का? कोणी म्हणेल, खालच्या जातीचं रक्तच नासकं. त्याला उत्तर १९५४ सालीच मिळालेलं आहे. अँथनी अॅलिसन यानं आफ्रिकेत दाखवून दिलं, की ज्याला एकच बीज आहे त्या लेकराला जीवघेणा हिवताप मारू शकत नाही, निदान इतरांइतका सहज मारत नाही. जिथं हिवताप तिथं सिकल. आपला मुलूख म्हणजे बांबूचं रान, तळी, धानाच्या बांध्या आणि डास. जी लेकरं जगली त्यांनी हे बीज पुढं नेलं. म्हणजे हा शाप नाही, मागच्या जन्मीचं पाप तर मुळीच नाही. हिवतापाशी झालेल्या लढाईत वाचलेल्यांची ही खूण आहे. फक्त ती महाग पडते आणि ते बिल लेकरू भरतं.

हिवतापानं जात विचारली नाही. पण जातीनं त्या बीजाला कुंपण घातलं. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी सांगितलं होतं, की जातीचा प्राण बेटीबंदीत आहे. १९३६ ला 'जातिनिर्मूलन' लिहिताना त्यांनी खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहाचंच नाव घेतलं. ते काही रक्ततपासणीबद्दल बोलत नव्हते. पण पिढ्यान्‌पिढ्या त्याच चार घरांत सोयरिक केली, की एकच बीज दोन्ही बाजूंनी येऊन भेटायची शक्यता वाढते, हे आज कोणताही डॉक्टर सांगेल. आपण धर्म बदलला, देव्हारे फेकले. सोयरिकीला बसलो की मात्र अजून विचारतो : बावणे की लाडवण? कोसरे की बारके? मामाची पोरगी असेल तर आणखीनच बरं. बुद्धाचा फोटो भिंतीवर आणि पोटजात पानसुपारीत.

मी नागभीडकडचा. मी वाहक आहे. माझी बहीण वाहक, तिचा नवरा आमच्या मामाच्याच नात्यातला, तोही वाहक. त्यांचा मोठा लेक एसएस आहे. तेंदूपत्त्याच्या दिवसांत, ऐन उन्हात, अंगातलं पाणी आटलं की त्याचं दुखणं उठतं. एकदा एका कचेरीत दाखल्यासाठी नेला, तर टेबलामागचा बाबू म्हणाला, "हा तं चालून राह्यला ना? मग अपंग कसा?" रक्त चालताना दिसत नाही, त्याला काय करावं!

म्हणून कायदा वाचला पाहिजे. १९९५ च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते. त्यात सिकल नव्हता. २०१६ च्या कायद्यानं, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, एकवीस प्रकार केले. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आले. म्हणजे चाळीस टक्क्यांचा दाखला असलेल्या सिकलच्या पोराला सरकारी आणि अनुदानित कॉलेजात पाच टक्के राखीव जागांत हक्क आहे. गरिबी हटवण्याच्या योजनांत, जमीन आणि घरवाटपात पाच टक्के आहेत.

आणि नोकरीत? तिथं गोम आहे. नोकरीच्या चार टक्के आरक्षणाचं कलम ३४ काढून वाचा. आंधळे, बहिरे, हातापायाचे अपंग, कुष्ठमुक्त, मनोरुग्ण, सगळे आहेत. रक्ताचे रोगी नाहीत. शिकायला दार उघडं, कमवायला बंद. पोरगा बी.ए. होतो आणि जाहिरातीतल्या रकान्यात त्याचा प्रकारच सापडत नाही. ही कायद्यातली फट आहे आणि ती बुजवायची मागणी आपल्यालाच करावी लागेल.

नावाचंही राजकारण बघा. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द दिला. आपल्याला हा खेळ जुना आहे. आपल्यालाही एकदा 'हरिजन' म्हटलं होतं. देवाचं नाव चिकटवलं की माणसाच्या हक्काबद्दल बोलावं लागत नाही. ज्याचं दुखणं आहे त्याला विचारून नाव ठेवा.

आता पँथरची गोष्ट. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव घेतलं अमेरिकेच्या ब्लॅक पँथरचं. पण त्या ब्लॅक पँथरनं १९७१ पासून काय चालवलं होतं? काळ्या वस्त्यांत सिकलची फुकट तपासणी! त्यांनी म्हटलं, हा रोग आमच्या लोकांना मारतोय म्हणून सरकारला त्याची फिकीर नाही. १९७२ साली अमेरिकी सरकारला सिकलसाठी कायदा करून पैसा द्यावा लागला. आपण त्यांचं नाव आणलं, आवेश आणला. ज्या रोगासाठी ते बोटाला सुई टोचत होते तोच आपल्याही अंगात होता. ती सुई तेवढी तिकडेच राहिली.

त्यांच्या इतिहासातला दुसरा धडाही घ्या. तिथं काही राज्यांनी तपासणीची सक्ती केली. नुसत्या वाहकांना नोकऱ्या, विमे नाकारले गेले. हवाई दलाच्या अकादमीनं वाहकांना १९८१ पर्यंत घेतलं नाही. हक्काशिवाय तपासणी म्हणजे नवी अस्पृश्यता. इथं १ जुलै २०२३ ला शहडोलला सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं. २०४७ चं लक्ष्य, सात कोटी लोकांची तपासणी, भर आदिवासी भागांवर. चांगलंच आहे. पण बीज जातीचा दाखला पाहत नाही. ज्या गावात गोंडाची तपासणी होते तिथल्या बौद्धवाड्यातही झाली पाहिजे. आणि वाहकाचं कार्ड हातात आलं म्हणून कुठल्या पोरीचं लग्न मोडलं, तर त्या घरी आपण उभं राहिलं पाहिजे. पोरीत दोष नाही हे तिच्या सासरच्यांना त्या चारात एकच्या गणितानं समजावून सांगायचं.

काम अवघड नाही. विहारात महिन्यातून एक दिवस तपासणीचं शिबिर मागा. ज्याचं एसएस निघालं त्याला दाखल्याच्या टेबलापर्यंत सोबत करा, कायद्याची प्रत खिशात ठेवा. रक्तदात्यांची यादी वस्तीतच करा, कारण एटापल्ली-भामरागडहून रक्तपेढी लांब आहे. कलम ३४ मध्ये रक्ताचे रोग घालावेत असा ठराव प्रत्येक ग्रामसभेत मांडा. आणि पुढच्या सोयरिकीला बसाल तेव्हा पोटजात विचारणाऱ्याला थांबवा, म्हणा : रिपोर्ट दाखवा, आमचाही बघा.

जयभीम.