आभासी चलनाचा व्यापार : आधी तगणे, मग कमावणे

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुका हा कापसाचा मुलूख. पांढरकवडा हे त्याचे मुख्यालय. येथील कोरडवाहू शेतकरी कपाशीत तुरीच्या ओळी घेतो. एका पिकाने दगा दिला तरी दुसऱ्याने घर तरावे, हा त्यामागचा हिशेब. बिटकॉइनसारख्या आभासी चलनात व्यवहार करणाऱ्यांनी तो समजून घेणे अगत्याचे आहे.

कापसाने शिकवलेला धडा

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तेथून मिळणारा कापूस बंद झाला. हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. तो पैसा शेअरच्या सट्ट्यात शिरला. पुढील तारखेचे वायदे करून, बहुधा उसन्या पैशावर, खरेदी होऊ लागली. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ रोजी वायदे पुरे करण्याची वेळ आली तेव्हा देणी भागवायला कोणाकडेच पैसा उरला नव्हता. तेजीत २,८५० रुपयांवर गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर पुढे ८७ रुपयांना विकला गेला. सट्ट्याचे सूत्रधार प्रेमचंद रायचंद यांच्यासह अनेक पेढ्या बुडाल्या. भाव उतरणे हे संकट होतेच. परंतु खरा घात केला तो ऐपतीबाहेरच्या सौद्यांनी.

उसन्या बळाचा धोका

आजच्या आभासी चलन बाजारातही वायद्याचे सौदे होतात. पदरच्या रकमेच्या दहापट सौदा केला, तर भाव सुमारे दहा टक्के विरुद्ध जाताच सारी अनामत रक्कम बुडते. हा बाजार रात्रंदिवस, सुटीच्या दिवशीही चालू असल्याने झोपेतही सौदा मोडला जाऊ शकतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९,००० डॉलरवर असलेला बिटकॉइन वर्षभरात १६,००० डॉलरच्या खाली आला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. ही चढण पदरात पडली ती मधल्या पडझडीत तगलेल्यांच्याच.

नुकसानीचे गणित

भांडवल निम्मे झाले, तर मूळ रक्कम परत मिळवण्यास शंभर टक्के नफा हवा. म्हणूनच एका सौद्यात भांडवलाच्या एक-दोन टक्क्यांहून अधिक नुकसान होऊ देऊ नये, असा जाणत्या व्यापाऱ्यांचा दंडक आहे. दर वेळी दोन टक्के गमावणाऱ्याकडे सलग दहा नुकसानींनंतरही एक लाखातील सुमारे ८१,७०० रुपये उरतात. वीस टक्के गमावणाऱ्याकडे जेमतेम १०,७०० रुपये. सौद्यातून कोठे बाहेर पडायचे, हे सौदा करण्यापूर्वीच ठरवून लिहून ठेवावे. तोटा भरून काढण्याच्या ईर्षेने दुप्पट रक्कम लावणे, हा सर्वनाशाचा राजमार्ग होय.

कर आणि कायदा

आभासी चलनाला भारतात कायदेशीर चलनाचा दर्जा नाही आणि शेअर बाजारावर ‘सेबी’ची असते तशी देखरेखही या बाजारावर नाही. १ एप्रिल २०२२ पासून यातील नफ्यावर ३० टक्के प्राप्तिकर लागतो. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेतून एक टक्का कर मुळातच कापला जातो. एका नाण्यातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करता येत नाही. एकात ५०,००० रुपये मिळाले आणि दुसऱ्यात तेवढेच गेले, तरी १५,००० रुपये कर व त्यावरील उपकर भरावा लागतो. वारंवार सौदे करणाऱ्याने हा खर्च आधीच धरला पाहिजे.

ठेव कोठे ठेवावी?

१८ जुलै २०२४ रोजी ‘वझीरएक्स’ या भारतीय बाजारमंचावरून सुमारे २३ कोटी डॉलर मूल्याची आभासी चलने चोरीस गेली आणि ग्राहकांची खाती दीर्घकाळ गोठली. तेव्हा भाव चढा असूनही मालकांना आपला माल विकता आला नाही. म्हणून सारी रक्कम एकाच मंचावर ठेवू नये. दीर्घकाळ सांभाळायची चलने स्वतःच्या ताब्यातील डिजिटल पाकिटात ठेवावीत आणि त्याची गुप्त शब्दावली कोणालाही सांगू नये.

नाण्यांची संख्या वाढवली म्हणजे जोखीम विभागली, असा समज मात्र करून घेऊ नये. मोठ्या पडझडीत बहुतेक आभासी चलने एकत्रच कोसळतात. येथे तुरीच्या ओळी म्हणजे या बाजाराबाहेरचे उत्पन्न आणि घरखर्चाची वेगळी ठेवलेली शिल्लक. मुलांची फी, घराचा हप्ता आणि औषधपाणी यांचा पैसा या व्यापारात कधीही आणू नये. पुढच्या हंगामाचे बियाणे शिल्लक असेल, तरच पेरणी पुन्हा होते.