तांड्यामागून आलेली मोरी

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत हिशोबाची वही बाजूला राहिली आणि दोन तास एका कुत्रीवरून भांडण झालं. कुत्रीचं नाव मोरी. आमच्यातल्या एकीच्या लेकानं, केळीच्या बागेत रानडुकरं शिरतात म्हणून, ती पिल्लू असताना चांगले पैसे मोजून विकत आणली. उंच, पोट पाठीला लागलेलं, लांब तोंडाची. आणली आणि हातभर साखळीला बांधली. एके दिवशी साखळी तुटली आणि शेजारणीच्या अकरा कोंबड्या गेल्या. शेजारीणही आमच्याच गटातली, म्हणजे झालंच! एक म्हणाली, तापीपार नेऊन सोडा. दुसरी म्हणाली, निदान ही कुठली जात आहे ते तरी आधी समजून घ्या. आम्ही समजून घ्यायला बसलो, आणि जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो.

मोरी कारवान जातीची आहे. मराठीत कारवान किंवा कारवानी कुत्रा म्हणतात, केस लांब असले तर पश्मी. वासावर नव्हे, नजरेवर शिकार धरणारा हा कुत्रा. अरबस्तानातला सलुकी, मध्य आशियातला ताझी हे त्याचे भाऊबंद मानले जातात. कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा काफिला. काफिल्याबरोबर आला म्हणून कारवान, अशी नावाची उकल सांगतात.

वरणगावात राहून आम्हाला याचं फार नवल वाटलं नाही. बऱ्हाणपूर आपल्याला किती लांब? मोगलांच्या काळात सुरतेहून आग्र्याला जाणारा माल याच तापीच्या खोऱ्यातून बऱ्हाणपूरला जायचा. शहाजहानची बेगम मुमताजमहल १६३१ साली बऱ्हाणपुरातच बाळंतपणात गेली. त्याच सुमाराला गुजरात आणि दख्खनमध्ये मोठा दुष्काळ होता, आणि पीटर मंडी नावाचा एक इंग्रज या वाटेनं प्रवास करत होता. धान्यानं लादलेल्या चौदा हजार बैलांचा तांडा भेटल्याचं त्यानं लिहून ठेवलंय. चौदा हजार बैल म्हणजे चालतं गावच की! तांडा थांबला की चूल मांडायची बाईनं, आणि रात्री त्या चुलीभोवतीच्या पोराबाळांची, धान्याच्या गोण्यांची राखण करायची कुत्र्यानं. एकोणिसाव्या शतकात दख्खनच्या इंग्रजांनी ‘ब्रिंजारी’ कुत्र्याचं नाव नोंदलंय. ब्रिंजारी म्हणजे आपले बंजारी.

शिकारी कुत्र्याचा मान आपल्याकडे त्याहून जुना. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात अतकूर गावी एक वीरगळ होता, साधारण इसवी सन ९५०चा. वेरूळचं कैलास लेणं ज्यांनी कोरलं त्या राष्ट्रकूट घराण्यातल्या तिसऱ्या कृष्णाच्या काळातला. त्याचा मांडलिक गंग राजा बुतुग. लढाईत पराक्रम केलेल्या एका वीराला बुतुगानं विचारलं, काय हवं ते माग. त्यानं राजाचा ‘काळी’ नावाचा कुत्रा मागितला. पुढं हा काळी एका मोठ्या रानडुकराशी झुंजला आणि दोघंही मेले. त्याच्या नावानं दगड उभा राहिला, पूजेसाठी जमीन लावून दिली. दगडावर कुत्रा आणि डुक्कर झुंजताना कोरलेत. बक्षीस मागताना सोनं-गाव सोडून कुत्रा मागणारा तो माणूस आम्हाला फार आवडला.

आता या जातीचं दुसरं नाव, मुधोळ हाउंड. मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान, आज बागलकोट जिल्ह्यात. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आसपासच्या शिकारी लोकांकडचे हे कुत्रे पाहिले, निवडून पैदास केली आणि एक जोडी इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याला भेट दिली. तेव्हापासून मुधोळचं नाव चिकटलं. राजाचं श्रेय राजाला आहेच. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी आपल्या ताटातली भाकरी घालून ही जात टिकवली, त्या धनगर-बंजारी-पारध्यांचं नाव कुठल्या कागदावर चढलं नाही. आजही एका संस्थेच्या दप्तरात ही जात ‘कारवान’ आहे, दुसरीच्या दप्तरात ‘मुधोळ’. आणि गंमत बघा, १९५६पर्यंत मुधोळ आणि आपलं वरणगाव एकाच मुंबई राज्यात होतं.

मोरीच्या दुखण्याचं मूळ मात्र आम्हाला १९७२ सालात सापडलं. त्या वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला. कुत्रा मागं सोडून ससा, हरीण मारणं हीसुद्धा कायद्यानं शिकार, म्हणजे गुन्हा. रानडुकराचंही तेच. कायदा हवाच होता, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ज्याचं सारं शरीर धावून पकडण्यासाठी घडलंय, त्या कुत्र्याचं काम एका रात्रीत गेलं. पुढं त्याचे फोटो निघाले. २००५ साली टपाल तिकिटावर आला, २०१६ साली सैन्याच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी पिल्लं गेली, २०२०च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये नाव घेतलं. मागणी वाढली, आणि पिल्लू विकणारा कधी सांगत नाही की या जनावराला पळायला काय लागतं.

आमच्या मोरीचंच बघा. ती चावरी नाही. या जातीला परक्यानं एकदम हात लावलेला खपत नाही, ती मागं सरते. ओरडून बोललं की दिवसभर कोपऱ्यात बसते. मार तर अजिबात चालत नाही, एकदा विश्वास गेला की गेला. पण समोरून काही पळालं की तिला हाका ऐकू येत नाहीत. कोंबडी पळाली, ती धावली. हातभर साखळीवर दीड वर्ष काढलेल्या जनावराकडून दुसरी काय अपेक्षा करायची?

खायला ज्वारीची भाकरी आणि दूध जुन्या लोकांनी घातलं, आम्ही त्यात अंडं घालतो. छाती खोल असल्यानं पोट भरल्यावर लगेच धावडवू नये, पोटात पीळ पडू शकतो. आपल्या भुसावळकडच्या उन्हाळ्यात पहाटे आणि सूर्य बुडाल्यावरच फिरवायचं. अंगावर चरबी नाही, म्हणून खाली पोतं हवं, नाहीतर कोपरांना घट्टे पडतात. कातडी पातळ, तारेच्या कुंपणानं सहज फाटते. गोचीड रोज बघायची, रेबीजची लस दरवर्षी. आणि नसबंदीला नेलंत तर डॉक्टरांना जात आवर्जून सांगा. चरबी नसल्यानं भुलीच्या काही जुन्या औषधांतून अशी कुत्री फार उशिरा शुद्धीवर येतात.

बैठकीत शेवटी ठरलं ते असं. अकरा कोंबड्यांचे पैसे मोरीच्या घरानं हप्त्यानं द्यायचे. शेजारणीनं खुराड्याला जाळी मारायची, जाळीचा खर्च गटाचा. मोरी साखळीवर नाही, बागेच्या कुंपणात मोकळी. पहाटे पाचला तिच्या मालकिणीबरोबर आमच्यातली एक जण लांब दोरी धरून जाते, पाळीपाळीनं. डुकरांसाठी कुंपणाचं बघायचं, कुत्रीचं नाव घ्यायचं नाही. महिनाभरानं पुन्हा मतं घ्यायची.

त्याला अजून नऊ दिवस आहेत. परवा संध्याकाळी शेजारीण ताकात कुस्करलेली भाकरी घेऊन आली. जवळ गेली नाही, वाडगा कुंपणाच्या आत सरकवला आणि मागं न बघता निघून गेली. ती वळणाआड गेल्यावर मोरी उठली आणि वाडगा चाटूनपुसून साफ केला.