रेणूचें रेखाटन

डोळ्यांना कधीं न दिसलेल्या वस्तूचें चित्र काढावयाचें, आणि तें असें कीं परदेशांतल्या माणसानेंही पाहतांच ती वस्तु ओळखावी, हा उद्योग रसायनशास्त्रज्ञांनीं दोनशें वर्षांहून अधिक काळ चालविला आहे. आज एखादा विद्यार्थी संगणकाच्या पडद्यावर बोटानें षट्कोन उमटवितो आणि त्या पदार्थाची माहिती क्षणांत मागवितो. त्या षट्कोनाच्या रेषा कोठून आल्या हें त्याला ठाऊक असतेंच असें नाहीं.

आरंभ मँचेस्टरच्या जॉन डाल्टनपासून धरावा. १८०८ सालीं त्याचा ग्रंथ निघूं लागला. त्यांत प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला एक वर्तुळ दिलें होतें: ऑक्सिजनचें रिकामें, हायड्रोजनचें मध्यें ठिपका असलेलें, कार्बनचें काळें भरलेलें. छापखान्याला हीं वर्तुळें म्हणजे मोठीच अडचण. लौकरच स्वीडनच्या बर्झेलियसनें वर्तुळें टाकून लॅटिन नांवांचीं आद्याक्षरें घेतलीं. तीं कोणत्याही छापखान्यांत जुळवितां येत. डाल्टनला हीं अक्षरें मुळींच रुचलीं नाहींत. विद्यार्थ्यानें हीं शिकण्यापेक्षां हिब्रू काय वाईट, असा त्याचा सूर होता. पण जग बर्झेलियसच्या मागें गेलें.

तरीही एक उणीव राहिलीच. अक्षरांवरून अणु कोणते व किती एवढेंच कळे. कोण कोणाला जोडलेला आहे तें कळेना. मद्यार्क घ्या, कीं डायमेथिल ईथर घ्या. दोहोंत कार्बनचे दोन, हायड्रोजनचे सहा आणि ऑक्सिजनचा एक अणु. एक द्रव, तर दुसरा नेहमींच्या उष्णमानांत वायु. बेरीज सारखी असूनही पदार्थ भिन्न कां, याचें उत्तर जोडणींत होतें.

ही जोडणी रेषेनें दाखविणाऱ्यांत अग्रगण्य असा आर्चिबाल्ड स्कॉट कूपर हा स्कॉटलंडचा तरुण होता. १८५८ सालीं पॅरिसमध्यें वुर्ट्झच्या प्रयोगशाळेंत काम करीत असतां त्यानें, कार्बनचे अणु एकमेकांस जोडले जाऊन सांखळ्या बनतात, असा सिद्धांत लिहून काढला आणि अणूंमधले बंध रेषांनीं दाखविले. हा लेख फ्रेंच अकादमीपुढें मांडण्याचें काम वुर्ट्झकडे होतें. वुर्ट्झ त्या वेळीं अकादमीचा सभासद नव्हता, त्यामुळें मध्यस्थ शोधावा लागणार हें खरें; परंतु शिष्याच्या साऱ्या आयुष्याचा प्रश्न असतां गुरूनें इतकी सवड करावी हें क्षम्य वाटत नाहीं. मध्यंतरीं जर्मनीच्या केकुलेचा त्याच विचाराचा लेख छापून निघाला. कूपर वुर्ट्झवर संतापला, आणि त्याला प्रयोगशाळा सोडावी लागली. मायदेशीं परतल्यावर त्याच्या मनाचा तोल गेला. १८९२ सालीं तो वारला, तोंपर्यंत त्याच्या हातून रसायनाचें काम पुन्हां झालें नाहीं. पुढें त्याचें नांव शोधून उजेडांत आणलें तें केकुलेच्याच गादीवर बसलेल्या आन्शुट्झनें, ही गोष्ट आन्शुट्झला भूषणावह आहे.

१८६४ मध्यें एडिंबरोच्या क्रम ब्राउननें वर्तुळांत अक्षर आणि वर्तुळांमधून रेषा अशी पद्धति रूढ केली; १८६५ मध्यें केकुलेनें बेंझीनचें वलय मांडलें. नंतर वर्तुळें गळून रेषा तेवढ्या राहिल्या.

यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ ह्या आकृती हातानेंच निघत. प्लास्टिकच्या पट्टींतल्या कोरीव षट्कोनांतून शाईची लेखणी फिरवावयाची, अक्षरें वर चिकटवावयाचीं, आणि एक बंध चुकला कीं कागद फाडावयाचा. हार्वर्डचे डेव्हिड इव्हान्स यांच्या लेखांसाठीं हें कष्टाचें काम त्यांच्या पत्नी सॅली करीत असत. १९८५ च्या सुमारास स्टुअर्ट रुबेन्स्टाईन ह्या विद्यार्थ्यानें ह्या दांपत्याच्या साहाय्यानें मॅकिन्टॉश संगणकासाठीं ‘केमड्रॉ’ रचलें, आणि पट्ट्या कपाटांत गेल्या.

परंतु नुसतें सुंदर चित्र यंत्राला पुरत नाहीं; यंत्राला जोडणी कळावी लागते. डेव्हिड वाइनिंगर यांनीं १९८८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ‘स्माइल्स’ लिपींत मद्यार्क म्हणजे सी, सी, ओ हीं तीन अक्षरें, तर वर सांगितलेला ईथर म्हणजे सी, ओ, सी. हायड्रोजन न लिहितां समजून घ्यावयाचा. चित्रावरून ही अक्षरें आपोआप निघावीं, आणि तींही इंटरनेटवर कोणालाही, यासाठीं बाझेलच्या नोव्हार्टिस कंपनींतील पीटर एर्टल यांनीं जावा भाषेंत ‘जेएमई’ हा छोटा संपादक लिहिला. तो ब्राउझरच्या चौकटींत चाले आणि फुकट मिळे.

मग पायाखालची जमीनच सरकूं लागली. २००७ मध्यें आलेल्या आयफोनच्या ब्राउझरनें जावाला थारा दिला नाहीं. संगणकावरही जावाच्या जोडणींत सुरक्षेचीं भोंकें वारंवार सांपडूं लागलीं. क्रोमनें २०१५ त आणि फायरफॉक्सनें २०१७ त ती बंद केली. असंख्य संस्थळांवर जेथें रेणु काढावयाची चौकट होती तेथें रिकामा चौकोन उरला असता. सुदैवानें एर्टल व ब्रूनो बिएन्फे यांनीं २०१३ मध्येंच वाट काढून ठेविली होती. जुना कार्यक्रम टाकून न देतां त्यांनीं त्याचें गूगलच्या यंत्रानुवादकाकडून जावास्क्रिप्टमध्यें भाषांतर करविलें, आणि जावाच्या पडद्यावरील सोयींची नक्कल करणारा भाग स्वतः लिहिला. ‘जेएसएमई’ ह्या नव्या नांवाच्या ह्या संपादकांत चुकलेली रेषा मागें घेण्याची सोय आली आणि बोटानें रेखाटणेंही शक्य झालें. त्याचें मूळ लिखाण सर्वांना खुलें ठेविलें गेलें.

‘केचर’ हा दुसरा खुला संपादक आरंभापासूनच जावास्क्रिप्टचा. त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांत प्रथिनें व न्यूक्लिक आम्लें यांच्यासाठीं वेगळें दालन आहे. हजारों अणु रेषेनें काढणें अशक्य, म्हणून तेथें एकेका घटकाला एकेक ठरीव आकृति दिली आहे: अमिनो आम्लाला षट्कोन, फॉस्फेटला वर्तुळ, आणि पोटांत अक्षर.